लाभ, दोन, तीन...

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरली, की महाराष्ट्रातील गावोगावच्या शाळांत एक निराळीच हालचाल सुरू होते. सहामाहीचे पेपर वाटून झालेले असतात, वार्षिक परीक्षा अजून दूर असते आणि या दोहोंच्या मधल्या थंडीच्या दिवसांत स्नेहसंमेलन येते. निमंत्रणपत्रिकेवर ते 'वार्षिक स्नेहसंमेलन व विविध गुणदर्शन' असते. मुलांच्या, पालकांच्या आणि खरे तर शिक्षकांच्याही तोंडी ते 'गॅदरिंग'च. गणिताच्या तासाला शेजारच्या वर्गातून पेटीचे सूर ऐकू येऊ लागतात. रिकाम्या वर्गाची दारे आतून लावून घेतली जातात आणि खिडकीच्या फटीतून डोकावणाऱ्या धाकट्यांना पिटाळले जाते. एरवी फळ्यापाशी उभे राहताना ज्याचे पाय लटपटतात, असा एखादा विद्यार्थी पुठ्ठ्याची तलवार कमरेला लावून औरंगजेबाच्या दरबारात ताठ मानेने बोलू लागतो.

या आनंदाचा हिशेब मांडणे अवघड आहे. मुलाच्या हाती लागते ते काय? फार तर स्टीलचा एक पेला, नाही तर कंपासपेटी, तीही पहिला-दुसरा क्रमांक आला तर. गुणपत्रिकेत त्याची नोंद होत नाही. उलट महिनाभर अभ्यास मागे पडतो, घसा बसतो, आणि आईची एखादी चांगली साडी दरबाराच्या पडद्यासाठी जाऊन रंगाचे डाग घेऊन परत येते. तरीही चाळीस-पन्नास वर्षांनी जुने वर्गमित्र भेटतात तेव्हा सातवीत भूगोलात किती गुण होते, हे कोणालाच आठवत नाही. पण कोणत्या प्रवेशात कोणाची मिशी गळून पडली, हे सर्वांना तारीखवार आठवते. जे इतके टिकते ते किरकोळ म्हणून खर्ची टाकता येणार नाही.

गॅदरिंगच्या कार्यक्रमपत्रिकेत एक नाट्यछटा हमखास असे, आजही असते. हा प्रकार मराठीत रुजविला तो दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे (१८८९-१९३१) यांनी. ते पेशाने शिक्षक होते. रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या नाट्यात्म स्वगतांवरून त्यांना ही कल्पना सुचली आणि १९११ पासून त्यांनी मराठीत नाट्यछटा लिहिल्या. रंगमंचावर पात्र एकच असते. बाकीची माणसे त्या पात्राच्या बोलण्यातूनच समोर उभी राहतात. मुलाला ती आधी स्वतः पाहावी लागतात. त्याला दिसली तरच प्रेक्षकांना दिसतात. नेपथ्य नाही, भाड्याचा पोशाख नाही, वाद्यमेळ नाही. काटकसरीच्या शाळेला याहून सोयीचा प्रकार सापडणे कठीण, आणि मुलाच्या दृष्टीने याहून कठीण परीक्षाही सापडणे अवघड. सबंध सभागृह त्याच्याकडे पाहत असते आणि तो मात्र तेथे नसलेल्या माणसाकडे पाहत असतो.

नाट्यछटेचे सख्खे भावंड म्हणजे नक्कल. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग सुरू केले आणि एका माणसाने सबंध चाळ उभी करता येते, हे महाराष्ट्राने पाहिले. पुढे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात बावन्न पात्रे एकट्याने रंगविली. शाळाशाळांतून त्यांची अनुकरणे झाली, अजूनही होतात. नाट्यछटेत निदान लेखकाचे शब्द हाताशी असतात. नकलेत ते आजूबाजूच्या माणसांकडून गोळा करावे लागतात, आणि गोळा करताना त्या माणसांकडे नीट पाहावे लागते. ते पाहणे कसे असते, हे समजण्यासाठी एका मुलाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी त्याच्या घराण्याची धान्याची आडत होती. काळ १९७२ च्या दुष्काळानंतरच्या दोन-तीन वर्षांचा. पाऊसपाणी सुधारले होते आणि जानेवारीत नव्या तुरीची आवक जोरात होती. मुलगा सातवीत होता. शाळा सुटली की दुकानावर यायचे, आजोबांच्या गादीशेजारी बसून पावत्यांना दोरा घालायचा, चहा सांगायचा, निरोप पोहोचवायचा, हा त्याचा क्रम. दुकानात त्याला स्वतःचे असे काही बोलायचे नसे. शेतकरी बोलत, खरेदीदार बोलत, आजोबा बोलत. तो ऐके. आणि ऐकता ऐकता त्याच्या कानांत सबंध बाजार साठत गेला.

त्यातले दोन आवाज त्याचे विशेष आवडते होते. पहिला खरे तर आवाज नव्हेच. रुमालाखाली हात घेऊन बोटे दाबून दर ठरविण्याची जुनी पद्धत होती. १९६३ च्या बाजार समिती कायद्यानंतर उघड लिलावाचा जमाना आला, तरी जुन्या व्यापाऱ्यांच्या बोटांतून ती गेली नव्हती. गंमत म्हणून, सवय म्हणून ती कधीमधी दिसे. रुमालाच्या वर दोन चेहरे अगदी निर्विकार असत आणि खाली बोटांची झटापट चाले. एखादी भुवई किंचित हलली, की मुलगा समजे, चार आणे वाढले.

दुसरा आवाज मापाड्याचा. धान्याची मापे मोजताना 'एक' म्हणत नाहीत. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. प्रत्येक आकडा पुढचे माप पडेपर्यंत हेल काढून घोळवत ठेवायचा, म्हणजे मोजणाऱ्याचा विसर पडत नाही आणि घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांच्याही कानावर राहतो. ऐकणाऱ्याला ते गाणे वाटते, पण ते हौसेचे गाणे नव्हे. त्या दुकानातला मापाडी तीस वर्षांचा जुना होता. मुलगा त्याला 'काका' म्हणे.

गॅदरिंगसाठी नावे द्यायला सांगितली तेव्हा मुलाने 'बाजार' असे नाव देऊन नक्कल लिहून दिली. घरी दोन हरकती निघाल्या. वडिलांची हरकत सरळ होती: तुरीच्या हंगामात पोराने संध्याकाळी तालमीला जाणे परवडणारे नव्हते. "दुकानात बसायचंय तुला, नाटकात नाही," एवढेच ते म्हणाले. आजोबांची हरकत अधिक खोल होती. "आपल्या वखारीतला माणूस आहे तो. त्याला चारचौघांत हसवून घ्यायचं नाही," असे अण्णांनी बजावले. व्यापारी घरांत पोरांना हे शिकवावे लागत नाही, ते वळणातच असते: ज्याच्या कष्टावर दुकान चालते त्याची टवाळी करू नये. तेव्हा अण्णांचे चुकत होते असे म्हणता येणार नाही.

वर्गशिक्षकांनी यावर जो तोडगा काढला, त्यात त्यांचे शिक्षकपण दिसते. ते मुलाला म्हणाले, "ज्याची नक्कल करणार त्याला आधी करून दाखव. त्यांनी हो म्हटलं तर नाव ठेवतो, नाहीतर खोडतो."

दुपारच्या सुट्टीत मुलगा वखारीत गेला. पोत्यांच्या थप्पीला टेकून मापाडी भाकरी खात होता. बाराव्या वर्षी असे काही विचारायचे म्हणजे घशाला कोरड पडते. "काका, तुमची नक्कल केली तर चालेल का?" असे विचारून, उत्तराची वाट न पाहता त्याने ती करूनच दाखविली. मापाडी हसला नाही. घास तसाच हातात ठेवून त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, "सातला तुमी हसताय, छोटे मालक. हसायचं न्हाई. माप मोजताना माणूस हसला की चुकतो, आन् चुकलं की कुणाचं तरी जातं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आन् सातला आवाज चढवायचा न्हाई. तितं दम घ्यायचा."

तेव्हापासून तालीम शाळेत झाली त्याहून अधिक वखारीत झाली. खांद्यावरचे उपरणे कसे टाकायचे, कमरेत किती वाकायचे, माप सपाट करताना हात आपल्याकडून पुढे का नेतात, हे सर्व त्या मुलाने शिकून घेतले. रोज ज्याला पाहत होता त्या माणसाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे, हे त्याला त्या आठवड्यात प्रथम दिसले. अण्णांची परवानगीही मापाड्यानेच मिळविली. "मालक, म्या सांगितलंय पोराला," असे तो म्हणाल्यावर अण्णांना बोलण्यासारखे उरले नाही.

गॅदरिंगच्या दिवशी घरची मंडळी नेहमीप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवून मैदानावर आली. कलाकारांना मिळणारा चिवडा-पेढ्याचा पुडा रात्री वाटला जाई. मुलाच्या घरी रात्री खाणे नसल्याने त्याने तो दप्तरात जपून ठेवला. शाळेची टेबले एकमेकांना बांधून रंगमंच केला होता, पडद्याच्या दोरीला नववीतली दोन धिप्पाड मुले होती. पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या, मध्ये सतरंजीवर मुले आणि बायका, आणि अगदी मागे, मैदानाच्या भिंतीला टेकून, बाजारातले हमाल. त्यांच्यात मापाडी.

पडदा सरकला. ध्वनिक्षेपक दहावीच्या मुलाच्या उंचीला लावलेला होता; सरांनी तो खाली करण्याची खटपट केली, पण तो अडकून बसला होता. तेवढ्यात प्रेक्षकांत हशा पिकला. अशा क्षणी पोरे रडवेली होतात. या मुलाच्या मनात मात्र एक विचार आला, तो आजही त्याला जसाच्या तसा आठवतो: काकांना कुठे ध्वनिक्षेपक लागतो! त्याने दांडी बाजूला सारली.

रुमालाखालच्या सौद्याने सुरुवात झाली. डावा हात विकणाऱ्याचा, उजवा घेणाऱ्याचा, चेहरा मात्र एकच, तो मान वळवून दोघांचा करायचा. पुढच्या खुर्च्यांतले व्यापारी एकमेकांना कोपराने ढोसू लागले. वडील कधी येऊन उभे राहिले ते त्याला कळले नाही. दुकान वाढवून ते शेवटच्या खुर्चीमागे थांबले होते. मग त्याने उपरणे खांद्यावर टाकले, कमरेत वाकला, उजवा खांदा खाली सोडला आणि मोकळ्या गळ्याने 'लाभ' म्हटले.

मुले हसली. 'दोन'लाही हसली. 'तीन'ला मागून, भिंतीच्या बाजूने, कोणीतरी त्याच्याबरोबर 'तीन' म्हटले. 'चार'ला पाच-सहा आवाज होते. 'पाच'पासून सबंध मागची रांग मोजू लागली, आणि हसणे थांबले. 'सहा'नंतर मुलगा थांबला. शिकविल्याप्रमाणे त्याने दम घेतला. आणि त्याच्याबरोबर अख्खे मैदान थांबले.

या एका श्वासापुरते जे घडते तेच गॅदरिंगचे सार असावे. एरवी मूल सदैव दुसऱ्यांसाठी थांबलेले असते. घंटेसाठी थांबते, मोठ्यांचे बोलणे संपेपर्यंत थांबते, दुकानात गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबते. त्याच्यासाठी शंभर माणसांनी श्वास रोखून थांबावे, असा प्रसंग त्याच्या दिनक्रमात दुसरा येत नाही. टाळ्या नंतर येतात आणि त्या गोडच असतात. परंतु रंगमंचावर उभा राहिलेला कोणीही सांगेल की खरा आनंद टाळ्यांच्या अगोदरच्या शांततेत असतो, कारण ती शांतता मागून मिळत नाही. पुढच्या आकड्याची सर्वांना इच्छा असते आणि तो आकडा त्या क्षणी एकट्या मुलाजवळ असतो.

त्याने 'सात' म्हटले, आवाज न चढवता. मग 'वन्स मोअर' झाला, शिट्ट्या झाल्या, मुख्याध्यापकांनी उठून शांत राहण्याची विनंती केली. बक्षीस मात्र नाट्यछटेला मिळाले. ते योग्यच होते, ती मुलगी फार सुरेख बोलली होती.

पुढे कित्येक दिवस बाजारात गंमत चालली. मापाडी सहापर्यंत आला, की भोवतालची माणसे मापाकडे न पाहता त्याच्या तोंडाकडे पाहू लागत आणि तो बिचारा संकोचून दम घ्यायचेच विसरे. अण्णांनी त्या नकलेवर चकार शब्द काढला नाही. आठ दिवसांनी, दुकान वाढविल्यावर, त्यांनी नातवाला बोलाविले, दार लोटून घ्यायला लावले आणि रुमालाचा भाग पुन्हा करून दाखवायला सांगितले. "खालचं बोट चुकतंय तुझं," असे म्हणून त्यांनी स्वतःचा रुमाल काढला.

तो मुलगा नट झाला नाही. तो आज साठी ओलांडून त्याच आडतीवर बसतो, आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. रंगमंचाचा उपयोग सांगताना हल्ली व्यक्तिमत्त्वविकास, सभाधीटपणा, मुलाखतीचे यश असे लाभ मोजून दाखविले जातात. ते खोटे नाहीत. पण आंब्याची गोडी सांगताना कोयीचा भाव सांगावा, तसे ते आहे. मूल रंगमंचावर जाते ते पुढे मुलाखत चांगली द्यावी म्हणून नव्हे.

आणि हा आनंद केवळ मध्यभागी उभ्या असलेल्याचा नसतो. भालदार-चोपदार म्हणून दोन शब्द बोलणारा, तिसरी घंटा देणारा, पडद्याआडून वाक्य सुचविणारा, झाड होऊन अर्धा तास हात पसरून उभा राहिलेला पहिलीतला मुलगा, या सर्वांना आपल्यावाचून प्रयोग अडला असता याची पक्की खात्री असते. ती खात्री बरोबरही असते. पडदा ओढणाऱ्याने एकदा घाईने पडदा ओढून पाहावा, म्हणजे अफजलखान मरण्यापूर्वीच कसा अंतर्धान पावतो ते कळेल.

आजची संमेलने थाटात होतात. सभागृह भाड्याने घेतले जाते, दिव्यांची रोषणाई असते, पोशाख पिशवीत घालून घरपोच येतात. त्यात वाईट काही नाही. एक गोष्ट तर निश्चित सुधारली आहे: पूर्वी शिक्षकांच्या मर्जीतली आठ-दहा मुले सगळे कार्यक्रम करीत आणि बाकीची सतरंजीवर बसत, आता बहुतेक शाळा प्रत्येक मुलाला रंगमंचावर आणण्याचा आग्रह धरतात. ही मोठी गोष्ट आहे. परंतु त्याच वेळी मुलाचे स्वतःचे असे काही त्यात उरलेले नसते. गाणे सिनेमाचे, तेही ध्वनिमुद्रित. नाच बाहेरून आलेल्या नृत्यशिक्षकाने बसविलेला. तो शिक्षक अंधारात पहिल्या रांगेपुढे उभा राहून हातवारे करीत असतो आणि तीस मुले त्याच्याकडे पाहून नाचत असतात. प्रेक्षकांकडे कोणीच पाहत नाही. प्रेक्षकही मुलांकडे पाहत नाहीत, ते मोबाइलच्या काचेत पाहतात, आणि आपल्या पाल्याचा नाच संपला की खुर्ची सोडतात. सातव्या आकड्याला थांबावे कोणी आणि कोणासाठी? तीन मिनिटांची एखादी नाट्यछटा, वर्गातल्या मुलांनीच रचलेला एखादा प्रवेश, एखादी नक्कल, एवढ्याला प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत जागा ठेवली, तर शाळेचा खर्च वाढणार नाही, उलट थोडा कमीच होईल.

या विषयात एका गोष्टीचा उल्लेख सहसा होत नाही. व्यापारी घरांतल्या मुलांना गॅदरिंगनंतरही चार लोकांपुढे उभे राहण्याच्या संधी मिळत गेल्या: व्यापारी संघाची सभा, एखाद्या संस्थेचे विश्वस्तपद, सत्कार, आभारप्रदर्शन. मुलींच्या बाबतीत दहावीचे, फार तर कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे गॅदरिंग हेच शेवटचे ठरे. पुढच्या उन्हाळ्यात लग्न होई. आज पन्नाशी-साठीत असलेल्या कितीतरी गृहिणींना विचारून पाहावे. कोळीनृत्यात कोणत्या हातात टोपली होती, कोणत्या ओळीला गिरकी होती, शेजारच्या मुलीचा पाय कसा चुकला होता, सर्व त्या सांगतात. पदर खोचून, ओट्यापाशी, दोन पावले टाकूनही दाखवितात, आणि कोणी आले की चटकन थांबतात.

अलीकडे काही शाळांनी संमेलनात पालकांसाठी एक कार्यक्रम ठेवायला सुरुवात केली आहे. प्रथम नावे देताना आढेवेढे घेतले जातात, मग आया येतात, आणि नातवंडांच्या नावाखाली आज्याही येतात. कोणी लेझीम घेते, कोणी भारूड. मिशी लावून पोलीसपाटील व्हायला तर चढाओढ लागते. त्यांच्या तालमी दुपारी दोन ते साडेतीनच्या दरम्यान होतात, कारण दिवस मावळण्याआधी घरचा स्वयंपाक होऊन पाने घेतली गेली पाहिजेत. त्या दीड तासात एकही बाई उशिरा येत नाही, असे या तालमी घेणारे शिक्षक सांगतात.